लस टोचलेली असून खुरकूत आला, आता दोष कुणाला द्यायचा?

माळावरचा_गोठा

रामराम मंडळी. आमचा गोठा माळशिरस साईडला आहे, सहा एचएफ संकरित गाया, एक म्हैस, दोन कालवडी आणि बारकी वासरं. सगळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले आहेत, जूनमधे गावात शिबिर झालं तेव्हा सगळ्यांना लाळ्या खुरकूतची लस दिलेली, मोबाईलवर नोंद पण आहे. तरीबी गेल्या आठवड्यापासून गोठ्यात खुरकूत शिरलाय. आधी एक गाय चारा सोडून नुसती उभी राहिली, ताप बघितला तर १०५, दुसऱ्या दिवशी तोंडातून दोरीसारखी लाळ आणि मचमच मचमच आवाज, जीभ ओढून बघितली तर वरची साल अशी हातात आली राव, पोळीचा पापुद्रा निघतो ना तशी. मग पाय झटकायला लागली. आता चार जनावरं आडवी आहेत, १८ लिटरवाली गाय ४ लिटरवर आली आणि दूध केंद्रावर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

सगळ्यात वाईट म्हंजे दहा दिवसाचं वासरू गेलं. त्याच्या तोंडात एक फोड नव्हता, खुरं साफ, सकाळी उड्या मारत होतं, संध्याकाळी आईला प्यायलं, दोन पावलं मागं आलं आणि खाली बसलं ते बसलंच. फोड नाही मग खुरकूत कसला? दुसरंच काही होतं का?

भाचा बीएस्सी करतोय, तो म्हणतो मामा हा आरएनए व्हायरस आहे, हे रोज रूप बदलतात त्यामुळं यांच्यावर लस चालतच नाही, सरकार उगं पाणी टोचतं. गावात पण हेच चाललंय की लस बोगस होती. माझे प्रश्न तीन, लस बोगस होती का, भाचा म्हणतो ते खरं का, आणि वासरू कशानं गेलं. लांबलचक झालं पण डोकं चालंना म्हणून लिहिलं.

बारा_भानगडी

दादा वासराचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं दोन वर्षांमागं असंच झालेलं. तोंडाला तुरटीचं पाणी मारा दिवसातून तीन टाईम, वरून बोरोग्लिसरीन लावा, खुराला मोरचुदाचं पाणी. वैरण टाकूच नका, जीभ सोललेली असताना कडबा म्हंजे काटे चावल्यासारखं, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील गूळ घालून द्या, पितात. आमचा आजा तर जनावरं ओढ्याच्या तापलेल्या वाळूतनं चालवायचा, खुरातलं पू बिू निघून जायचं म्हणे, आता ना ओढ्याला वाळू राहिली ना आजा.

लसीचं म्हणाल तर माझा पण विश्वास उडालाय. २०२२ ला लम्पीत काय झालं बघितलं ना, तेव्हा पण लस दिलेली जनावरं गाठींनी भरली. हे आरएनए व्हायरस सगळे एका माळेचे मणी. तुमचा भाचा हुशार आहे.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर

सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे जरा मोठं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी वासरू. ते खुरकुतानेच गेलं, मला जवळपास शंका नाही. मोठ्या जनावरात हा विषाणू तोंड, खूर, सड धरतो, पण कोवळ्या वासरात तो थेट हृदयाच्या मांसावर जातो. फोड यायच्या आधीच हृदय बंद पडतं. बहुतेक वेळा असंच होतं, दूध पिता पिता किंवा प्यायल्यावर लगेच, कारण तेवढा ताणही त्या हृदयाला झेपत नाही. मी असली वासरं उघडून पाहिलीत, हृदयावर पिवळट करडे पट्टे असतात, वाघाच्या अंगावर असावेत तसे, पुस्तकात त्याला टायगर हार्टच म्हणतात. आणि आजारी गायीच्या दुधात विषाणू असतो, म्हणजे आईनेच पाजला बिचारीने. राहिलेली वासरं आजच वेगळी बांधा, आजारी गायीचं दूध त्यांना अजिबात देऊ नका. माणसांना या रोगाची भीती नाही, तरी दूध उकळूनच प्या.

आता लस. माळावरचे, मला तीन गोष्टी सांगा. जूनच्या लसीनंतर पुढची फेरी झाली का? गेल्या महिन्याभरात नवीन जनावर आणलं का? आणि पहिली आजारी पडली ती कोणती? उत्तर येईपर्यंत बाकीचं लिहितो.

खुरकुताच्या विषाणूच्या सात जाती आहेत, ओ, ए, सी, एशिया १ आणि आफ्रिकेतल्या सॅट १, २, ३. ओ आणि ए ही नावं १९२२ साली फ्रान्समधे पडली, ओ म्हणजे तिथला ओआझ भाग आणि ए म्हणजे आलेमान्य, जर्मनी. (मला परीक्षेत विचारलं होतं, तेव्हा आलं नव्हतं, आता विसरत नाही.) एका जातीची लस दुसऱ्या जातीला चालत नाही, ओ मधून उठलेल्या गायीला एशिया १ परत होऊ शकतो. म्हणून आपल्याकडे एकाच बाटलीत ओ, ए, एशिया १ अशा तिन्ही असतात. आपल्याकडचे बहुतेक उद्रेक ओ चे. आता भाच्याला विचारा, विषाणू रोज बदलतो तर आपल्या लसीतलं ओ चं वाण १९७५ सालचं, ते कित्येक वर्षं कसं चाललं? आपोआप नाही चाललं. गोठ्यागोठ्यातून जिभेची साल गोळा करून ती प्रयोगशाळेत जाते, पूर्वी मुक्तेश्वरला जायची, आता भुवनेश्वरजवळ मोठी संस्था आहे, तिथे बघतात की फिरतोय तो विषाणू लसीला जुमानतोय का. ए मधे तो जास्त चळला तेव्हा ए चं वाण बदललं सुद्धा, ते २००० सालचं आहे.

पण वाण कितीही बरोबर असलं तरी या लसीची एक खोट आहे. हा मेलेला विषाणू असतो, त्याची ताकद साधारण सहा महिने. म्हणून वर्षातून दोन फेऱ्या. टोचल्यावर अंगात जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि वासराला पहिल्यांदा देताना महिन्याने बूस्टर लागतो, तो कुणीच घेत नाही. शिवाय २ ते ८ डिग्रीत ठेवायची, गोठली तरी बाद आणि तापली तरी बाद. मी स्वतः थर्मासमधला बर्फ वितळल्यावर पन्नास डोस ओतून दिलेत आणि वरून बोलणी खाल्लीत. त्यामुळे लस बोगस हा शब्द लगेच वापरू नका, लस गोठ्यापर्यंत येताना खराब होऊ शकते आणि गोठ्यात आल्यावर मुदत संपू शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बारा_भानगडी, लम्पी हा आरएनए नाहीच. तो देवीच्या खानदानातला डीएनए विषाणू, म्हणून तर २०२२ ला शेळ्यांच्या देवीची लस गायींना दिली. तिथे काय चुकलं, काय बरोबर, तो निराळा विषय, या माळेत तो मणी घालू नका. बाकी तुमचा तुरटी-आंबीलीचा सल्ला एकदम बरोबर.

माळावरचा_गोठा

डॉक्टरसाहेब आता खरं सांगतो, खोटं बोलून काय उपयोग.

डिसेंबरात फेरी आलेली. आम्हीच नको म्हणालो. तीन गाया गाभण होत्या आणि टोचलं की दोन-तीन दिवस दूध तुटतं, सोसायटीचा हप्ता तोंडावर होता. वडील म्हणाले जूनमधे दिलीय की, आता काय. पोरगा लस घेऊन दारात उभा होता, चहा पाजून परत पाठवला.

आणि हो, नवीन गाय आणली. बाजारातनं, वेलेली, स्वस्तात पडली म्हणून. तिच्या कानाला बिल्ल्याचं भोक होतं पण बिल्ला नव्हता, विकणारा म्हणाला झुडपात अडकून तुटला. आणली आणि सरळ दावणीला बांधली बाकीच्यांच्या मधे, कारण ती जागा मोकळी होती. पाचव्या दिवशी तिच्या शेजारची गाय पडली. नवीन गाय मात्र ठणठणीत आहे, तिला काहीच झालं नाही, म्हणून तिच्यावर संशयच आला नाही.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर

जूनची लस, जानेवारीत रोग. सात महिने झाले. लसीने आपलं काम करून मुदत संपवली होती हो.

नवीन गाय ठणठणीत दिसते कारण ती बहुधा यातून आधीच उठली आहे. तिच्या जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात बघा, जुन्या फोडांचे व्रण, साल गुलाबी नवीन दिसते का, खुराला आडवी चीर वाढत खाली येतेय का. खुरकुतातून उठलेल्या गायीच्या घशात विषाणू महिनोनमहिने राहू शकतो, तीन वर्षांपर्यंत सापडलाय. त्या घशातल्यापासून किती लागण होते यावर वाद आहे, पण बाजारातून आलेल्या गायीच्या अंगावर, खुरावर, दाव्यावर ताजा विषाणू असू शकतो, त्याला वाद नाही. नवीन जनावर तीन-चार आठवडे वेगळं, वेगळी बादली, आणि तिचं शेण-पाणी सगळ्यांच्या शेवटी करायचं, हे मी आयुष्यभर सांगितलं आणि दहातले नऊ लोक "जागा कुठाय साहेब" म्हणाले.

गाभण गायीला लस देता येते, शेवटच्या टप्प्यात धरपकड करू नये एवढंच. दूध दोन दिवस तुटतं हे खरं आहे, मी नाकारत नाही. आता किती तुटलं ते तुम्हीच बघताय.

कोथरूडची_मावशी

मी खरंतर कुत्र्यावाली आहे, गाईचं मला काही कळत नाही, पण भावाचा गोठा इंदापूरकडे आहे आणि तिथे पण शेजारी खुरकूत आलाय म्हणे. आम्ही दर पंधरा दिवसांनी जातो आणि आमचा लॅब्रॅडॉर तिथे सगळ्या गाईंची तोंडं चाटतो. त्याला होईल का? घाबरायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी आमची आधीची कुत्री डिस्टेंपरने गेली, तो पण व्हायरसच. आधी डोळे-नाक वाहिलं, सगळे सर्दी सर्दी म्हणत राहिलो, मग बरी झाली असं वाटलं आणि तीन आठवड्यांनी तिचा जबडा आपोआप चावल्यासारखा हलायला लागला, च्युइंगम खातेय असा. ते बघवत नव्हतं. तिचे दोन डोस झाले होते, तिसरा राहिला कारण आम्ही घर बदलत होतो. मग हे आरएनएचं जे चाललंय ते डिस्टेंपरला पण लागू आहे का?

विलायती_कालवड

मावशी, तुमचा लॅब सेफ आहे, खुरकूत फक्त दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो, गाय म्हैस शेळी मेंढी डुक्कर हरीण. घोड्याला सुद्धा होत नाही. पण त्याचे पाय आणि तोंड मात्र विषाणू उचलून भावाच्या गोठ्यात नेऊ शकतात, त्यामुळे त्याला महिनाभर पुण्यातच ठेवा प्लीज.

मी इंग्लंडमधे विषाणूंवर पीएचडी करतेय, घरी बार्शीजवळ दोन म्हशी आहेत त्यामुळे या थ्रेडवर जीव अडकला. भाच्याला अर्धं बरोबर कळलंय म्हणून त्याचं अर्धं दुरुस्त करते. आरएनए म्हणजे विषाणूचा सगळा मजकूर ज्यात लिहिलेला असतो ते, त्याची कॉपी काढणारं जे एन्झाइम असतं ते लिहिलेलं परत वाचून बघत नाही, चूक झाली तर झाली, पुढे चालू. खुरकुताचा सगळा मजकूर साधारण ८,५०० अक्षरांचा आहे आणि साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक नव्या कॉपीत एखादी चूक. एका फोडात कोट्यवधी कॉप्या. म्हणजे एका गायीच्या जिभेवर सुद्धा एक विषाणू नसतो, आख्खं गाव असतं, एकमेकांसारखे दिसणारे पण एकसारखे नसलेले. इथपर्यंत भाचा पास.

पण बदलणं वेगळं आणि बदलून जगणं वेगळं ना. आपली अँटीबॉडी, म्हणजे लसीने किंवा रोगाने अंगात तयार होणारा पहारेकरी, विषाणूला कुठेतरी धरते, समजा शेंडीला धरते. खुरकुताच्या कवचावर एक बाहेर लोंबणारी वळी आहे, अँटीबॉडी तिथे धरायला जाते, आणि नेमकी तीच जागा अशी आहे की तिथली बरीच अक्षरं बदलली तरी विषाणूचं काही अडत नाही. शेंडी कापली, चालू पडला. म्हणून त्याच्या सात जाती आणि प्रत्येकीत पोटजाती. आता बुळकांडी घ्या, गाईबैलांचा जुना जीवघेणा रोग, तो पण आरएनए विषाणू, तो पण तितक्याच चुका करतो, पण त्याच्या ज्या भागाला अँटीबॉडी धरते तो भाग बदलला तर तो पेशीत शिरूच शकत नाही. शेंडीबरोबर डोकं जातं. म्हणून बुळकांडीची जगभर एकच जात राहिली आणि एकच लस सगळीकडे चालली. रेबीज पण आरएनए, आणि कुत्र्याला आज जी लस देतो ती या पिंपळाखालच्या कुत्र्याला चालते आणि त्या वेशीवरच्याला पण. सगळ्या आरएनए विषाणूंना एकच फूटपट्टी लावली की भाच्यासारखा घोटाळा होतो.

मावशी, डिस्टेंपर हा बुळकांडीचा सख्खा चुलतभाऊ. बुळकांडी, डिस्टेंपर, शेळ्यांचा पीपीआर आणि माणसाचा गोवर, एकाच घरातले चौघं. त्यामुळे डिस्टेंपरची लस चांगली चालते, पण पिल्लाच्या अंगात आईकडून आलेल्या अँटीबॉडी असतात त्या सुरुवातीच्या डोसना खाऊन टाकतात, म्हणून तर तीन-चार आठवड्यांनी परत परत, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. शेवटचा डोस हाच खरा कामाचा असू शकतो. तुमचं मन दुखवायला नाही लिहीत. च्युइंगमसारखं जबडा हलणं हे डिस्टेंपर मेंदूत गेल्याचं लक्षण, तेव्हा डॉक्टरांच्या हातात पण फार काही उरत नाही. हाच विषाणू २०१८ ला गीरच्या सिंहांमधे सापडला, दोन-तीन आठवड्यांत वीसच्या वर सिंह गेले, आणि वाचवायला अमेरिकेतून जी लस मागवली ती डिस्टेंपरचीच. (पार्व्हो हा कुत्र्यांचा दुसरा रोग मात्र डीएनए. दोन्ही एकाच सुईत असतात म्हणून लोक एकच समजतात.)

मांजरवाले कुणी वाचत असतील तर बदलून जगणं म्हणजे काय ते एफआयपी या मांजरांच्या रोगात दिसतं. मांजरांचा साधा पोटातला कोरोना विषाणू, चार दिवस जुलाब आणि संपलं, पण एखाद्या मांजराच्या अंगातच तो बदलतो आणि मग पोटात पाणी भरायला लागतं.

शेळी_हाच_बँक_बॅलन्स

पीपीआरचं नाव निघालं म्हणून एक. आमच्या ४० शेळ्या आहेत उस्मानाबादी. पीपीआरची लस एकदा दिली की तीन वर्षं बघायला नको. ज्या वर्षी शेजाऱ्यानं नाही दिली त्या वर्षी त्याच्या २२ पैकी १३ गेल्या, नाक गच्च, हगवण, डोळ्याला चिकटा, आठ दिवसांत कातडी विकायची वेळ. आमच्या एकीला पण काही नाही. पण ताई हे कळलं आज की हा बुळकांडीचा भाऊ, आमची आज्जी शेळ्यांच्या त्या रोगाला बुळकांडीच म्हणायची आणि आम्ही हसायचो.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर

आज्जी शास्त्रज्ञ होती. पीपीआर आपल्या देशात नोंदला गेला १९८७ मधे, तमिळनाडूत, आणि त्याआधी शेळ्या अशा मेल्या की त्याला बुळकांडीच समजायचे.

कालवडीने बुळकांडी काढलीच आहे तर राहवत नाही. १९८० च्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा बुळकांडीची मोहीम जोरात होती, राज्याच्या सीमेवर चेकनाक्याला रात्री कंदील घेऊन बैलगाड्या अडवायच्या आणि बैल टोचायचे. लोक शिव्या द्यायचे. जुनी माणसं सांगायची की बुळकांडी आली की गावात एका दावणीला एक बैल उरायचा नाही, नांगर माणसांनी ओढलेत, मरीआईचा गाडा शिवेबाहेर सोडायचे. आणि गंमत बघा, या रोगावर काम करणारी देशातली पहिली संस्था १८८९ साली आपल्या पुण्यात निघाली, मग थंड हवा हवी म्हणून कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथे एडवर्ड्स नावाच्या साहेबाने विषाणू शेळ्यांतून फिरवून फिरवून मवाळ केला, ती आपली पहिली चालणारी लस. पुढे प्लाउराइट नावाच्या साहेबाने आफ्रिकेत पेशींवर वाढवलेली लस काढली, ती एक टोचली की जन्माची बात. देशातली शेवटची बुळकांडी १९९५ ची. त्यानंतर जो हुकूम आला त्याने आमची झोप उडाली, लस बंद करा. कारण लस चालू असेल तर रोग गेला की लसीने दाबलाय हे कळणार कसं? दोन वर्षं मी प्रत्येक हगवण लागलेल्या बैलाकडे धावत जायचो. काही नाही निघालं. २०११ साली जगाने जाहीर केलं की बुळकांडी संपली. देवीनंतर मुळापासून उखडलेला हा दुसराच रोग, आणि तो आरएनए विषाणू. एवढं भाच्याला सांगा, बाकी नाही सांगितलं तरी चालेल.

बारा_भानगडी

डॉक्टर मानलं. लम्पीचं माझं चुकलं. पण मग एक सांगा, बुळकांडी घालवली तर खुरकूत का नाही घालवत? परदेशात तर खुरकूत नाहीच म्हणतात, त्यांच्याकडं काय वेगळी लस आहे का?

विलायती_कालवड

वेगळी लस नाही, बंदूक आहे. २००१ ला इथे खुरकूत आला तेव्हा लस न देता साठ लाखांच्या वर जनावरं मारली, त्यातली बरीच ठणठणीत होती, नुसती शेजारच्या शेतात होती म्हणून. शेतात चिता पेटलेल्या, मे महिन्यातली निवडणूक जूनवर ढकलली. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा शाळेत होत्या, त्या अजून सांगतात की महिनाभर बागेत कपडे वाळत घातले नाहीत, वास यायचा. तो पण ओ टाइपच होता, पॅनएशिया म्हणतात त्याला, आणि त्याचं मूळ शोधत गेले तर सगळ्यात जुना नमुना १९९० चा, उत्तर भारतातला. म्हणजे आपल्या बाजारातून निघालेला पाहुणा दहा-अकरा वर्षांत इथे पोचला.

हा विषाणू वाऱ्यावर पण जातो. १९८१ ला फ्रान्सच्या ब्रिटनीतून समुद्र ओलांडून आईल ऑफ वाईटच्या गायींना लागला. तुमच्या माळावर गोठे पन्नास पावलांवर आहेत.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर

आपल्याकडे मारून संपवणं होणार नाही आणि व्हायलाही नको, एका गायीवर घर चालतं. म्हणून आपला रस्ता लसीचा, २०१९ च्या सप्टेंबरात मथुरेहून जी मोहीम सुरू झाली तिला १३ हजार कोटींच्या वर पैसा ठेवला, देशभर सहा-सहा महिन्यांनी फुकट टोचायचं. बुळकांडीला एक जात आणि एक सुई पुरली. इथे तीन जाती आणि दर सहा महिन्यांनी सुई, त्यात दहा गोठ्यांतल्या तीन गोठ्यांनी चहा पाजून परत पाठवलं की विषाणूला राहायला घर मिळालं. त्यातून आपल्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडचे हजारो बैल पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, मेंढरांचे कळप घाट उतरतात, आणि आठवडी बाजार चालूच. जनावर चालतं तिथे खुरकूत चालतो.

माळावरचे, आता कामाचं. एक, दवाखान्याला कळवा, लपवू नका, नाहीतर १९६२ या नंबरला फोन लावा, गाडी येते. जिभेची साल तपासायला पाठवायला सांगा म्हणजे जात कळेल. आजारी जनावराला आता लस द्यायची नाही, पण शेजारच्या गोठ्यांना बाहेरून आत अशी टोचायला सांगा. अँटिबायोटिक विषाणूला लागू पडत नाही, फोडात घाण झाली तरच ती, आणि ती डॉक्टरनेच द्यावी. गव्हाण, दावण, बादल्या, कॅन धुण्याच्या सोड्याने धुवा, बादलीभर म्हणजे दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. हा विषाणू फिनाईलला फार भीत नाही, पण सोडा आणि आंबट या दोन्हींना टिकत नाही. दूध घेऊन जाणाऱ्या पोराला आणि गाय भरवायला येणाऱ्याला गोठ्यात घेऊ नका, दूध रस्त्यावर आणून द्या. खुरात आसडी म्हणजे अळ्या पडलेत का रोज बघा, पडले तर टर्पेंटाइनचा बोळा. आणि उन्हाळ्यात यातली एखादी गाय सावलीत उभी राहून पण धापा टाकायला लागली, केस वाढले, तर ती खुरकुताचीच मागची थाप, विकायच्या आधी गिऱ्हाईकाला सांगा.

माळावरचा_गोठा

सगळ्यांचे आभार. काल दवाखान्यात जाऊन सांगितलं, वाटलं ओरडतील, पण उलट साहेबच दुपारी आले. नवीन गायीची जीभ बघितली, डॉक्टर म्हणाले तसंच, कडेला गुलाबी नवीन कातडं आणि डाव्या खुराला आडवी चीर. जिभेच्या सालीचा नमुना नेलाय. शेजारच्या अकरा गोठ्यांत आज लस झाली, त्यातल्या दोघांनी आधी नको म्हणलं, मी स्वतः जाऊन माझा गोठा दाखवून आणला त्यांना. एक जण न बोलता परत गेला आणि सगळी जनावरं बाहेर काढून बांधली.

१८ लिटरवाली आज आंबील प्यायली, अर्धी बादली. वासरं चुलत्याच्या शेडात नेलीत, त्यांना म्हशीचं दूध चाललंय, म्हैस अजून बरी आहे, रोज सकाळी पहिलं तिचं तोंड बघतो.

किराणाच्या दुकानात धुण्याचा सोडा मागितला दहा किलो, तर तो म्हणतो कुणाच्या लग्नाची धुणी काढली काय एवढी. त्याला म्हणलं घरी चल, दाखवतो. नको म्हणाला, त्याच्याकडं पण दोन जर्सी आहेत.

भाचा वाचतोय हे सगळं, मागं उभा आहे. त्याला एकच विचारायचंय म्हणे, विलायती ताई, जिभेवरचं ते आख्खं गाव म्हणालात त्यातलं नेमकं कोण पुढच्या गायीला जातं, ते कोण ठरवतं?

विलायती_कालवड

त्याला सांग, मी त्याच प्रश्नावर तीन वर्षं पगार घेतेय. बीएस्सी झाली की मेसेज कर म्हणावं.